गप्प राहण्याबद्दल

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काल विधी साहाय्य कार्यालयातून फोन आला. मला वाटलं तारीख लागली. तिथली मुलगी म्हणाली, "ताई, तुमच्या वहिनींनी अपिलाच्या कागदावर सहीच केलेली नाही. मुदतही उलटून गेली." मी चष्म्याच्या दुकानात कामावरच होते, मशीनवर काच होती. घासताना हात थांबला आणि कोपरा उडाला. मालक ओरडले नाहीत, तुकडा उचलून माझ्यासमोर ठेवला. ते जास्त लागतं.

वहिनी, का गं? निकाल लागला तेव्हा तू मला म्हणालीस, "बघू." मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आता वाटतं, तू माझ्यावर रागावलीस. आगीच्या खटल्यात साक्षीला मी उभी राहिले, वकिलानं विचारलं दुकानाची चावी कोणाकडे असते, आणि मी म्हणाले वहिनीकडे. दुसरं काय सांगणार होते? तुझं इस्त्रीचं दुकान, तुझी चावी. पण त्यांनी त्यावर केवढा डोलारा उभा केला. दादा असता तर त्यानं मला त्या दिवशी घरात घेतलं नसतं.

तुझी भिंगरी बरी आहे. अकरा वर्षांची झाली म्हणून आता तिला भिंगरी म्हणायचं नाही असा हुकूम निघालाय. मी विचारलं, मग काय म्हणू? तर विचार करून सांगते म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.

रागावली असशील तर तसं लिही. पण लिही.

तुझी वन्सं

•

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वयानं माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि मानानं नणंद, म्हणून तुला चेष्टेत वन्सं म्हणायला लागले, ते तू सहीलाच लावून घेतलंस. वाचून हसू आलं.

रागावले नाही. शपथेवर खरं विचारलं, खरं सांगितलंस. तू खोटं बोलली असतीस तर मी रागावले असते, कारण तुला येत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात तुझ्या.

अपील नको आहे मला. पाच वर्षं म्हणतात, चांगलं वागलं की थोडी कमी होतात. मला शिवणाच्या खोलीत घातलंय. आधी धुलाईत घालत होते, मी हात जोडले. गणवेशांचे काखेतले जोड शिवते. खिडकी उंच आहे पण आहे. दुकानाच्या वर राहणारे घड्याळवाले आजोबा आगीच्या धुरात गेले, आणि मी इथे खिडकीचा हिशोब करते. असो.

परत ते कोर्ट, परत ती माणसं, परत सगळ्यांना उभं करायचं. नको. तू भिंगरीला सांभाळतेस, त्यावर माझं चाललंय. या विषयावर पुन्हा लिहू नकोस. हे पत्र आधी तुरुंगातल्या बाई वाचतात, त्यांनाही कंटाळा येईल.

तिच्या केसांना तेल लाव. स्वतःहून लावणार नाही ती.

तुझी वहिनी

•

५ मार्च

प्रिय वहिनी,

पुन्हा लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते. लहानपणापासून माझं असंच आहे, तुला माहीत आहे.

मी रजा काढून त्या कार्यालयात गेले. तिथे आपल्याला एक वकीलबाई नेमून दिल्यात. फुकट. फुकट म्हटल्यावर माझा चेहरा पडला असावा, कारण त्या म्हणाल्या, "फुकट म्हणजे उपकार नाहीत हो. ज्याला वकील परवडत नाही त्याला अपिलातसुद्धा वकील मिळणं हा हक्क आहे. खटल्याची सगळी कागदपत्रं मिळणं हाही." सारखा चष्मा वर ढकलत होत्या. शेवटी मला राहवलं नाही, मागून घेतला आणि नाकाजवळच्या पट्ट्या तिथल्या तिथे वाकवून दिल्या. आता बसला नीट. त्या म्हणाल्या, "आता तुमचं काम मला करावंच लागणार."

त्यांनी निकाल माझ्यासमोर वाचला. तू तो वाचला आहेस का गं? आगीचा तपास करणारे साहेब म्हणाले होते की बोर्ड, वायर आणि इस्त्री सगळं वितळून एक गोळा झालं होतं, सुरुवात कशातून झाली ते सांगता येत नाही. म्हणजे राहिलं काय? दुकान तू बंद केलंस, एवढंच. आणि त्यानंतर न्यायाधीशांनी लिहिलंय, आरोपीला बोलायची संधी दिली, तिने मौन धरले, निर्दोष माणूस असे मौन धरत नाही. वकीलबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे असं लिहिता येत नाही. गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेनं दिलाय. जो हक्क दिला, तोच वापरला म्हणून शिक्षा द्यायची?"

मुदत गेली तरी कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करतं. आणि नुसतं अपील केलं म्हणून राग धरून शिक्षा वाढवता येत नाही, हेही मी विचारून घेतलं, कारण तुझं डोकं मला माहीत आहे.

पण वहिनी, मी बसमध्ये बसून विचार करत होते. तू गप्प का राहिलीस? इस्त्रीचा प्लग तू हातानं ओढून काढतेस, मग हात लावून बघतेस, मग निघतेस. मी किती वेळा चिडवलंय तुला त्यावरून. एवढं तरी सांगायचंस.

पत्र वाचणाऱ्या बाईंना नमस्कार सांग. चष्मा असेल तर काच मी घासून देईन.

तुझी वन्सं

•

१९ मार्च

वन्सं,

हे पत्र टपालानं नाही. माझ्या शेजारी झोपणारी बाई आज सुटते आहे, तिच्या हाती देते. म्हणून कोणी वाचणार नाही. तू वाच आणि जाळ. नाही, जाळू नकोस, फाड. जाळणं नको.

तू विचारलंस म्हणून सांगते. आजवर कोणाला सांगितलं नाही.

प्लग मी काढला होता. हात लावून पाहिला होता. दुकान बंद करून घरी आले, चावी पिशवीत. मग शेवटचे कपडे पोचवायला पलीकडच्या इमारतीत गेले. परत आले तर घरात असते ती दुकानाची जादा चावी खालच्या खिळ्याला. ती नेहमी वरच्या खिळ्याला असते, खालच्याला छत्री. भिंगरीचा निळा फ्रॉक पलंगावर पडलेला, चुरगळलेला. दुसऱ्या दिवशी शाळेत तिचा नाच होता. मला वाटलं होतं, सकाळी इस्त्री करून देईन. ती नऊ वर्षांची. आईला चकित करावं असं तिला सारखं वाटायचं. मला वाटलं, तिनं जाऊन इस्त्री लावली, जमली नाही आणि तशीच चालू ठेवून आली.

मग लोक ओरडत आले.

तिला मी काही विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ठरवलं की हे तिला कधीच कळता कामा नये. आजोबा तिचे लाडके होते. हे घेऊन ती मोठी होणार कशी? जामिनावर जवळपास दोन वर्षं तिच्याजवळ होते, रोज वाटायचं आज विचारावं, आणि रोज वेणी घालून शाळेत पाठवायची.

कोर्टात मी तोंड उघडलं असतं तर काय सांगितलं असतं? प्लग काढला होता. मग पुढचा प्रश्न, तुमच्यानंतर आत कोण गेलं? मला खोटं बोलता येतं, तुझ्यासारखं नाही माझं. पण त्या पिंजऱ्यात उभं राहून येईल का, याची खात्री नव्हती. म्हणून गप्प बसले.

आता अपील केलं की पुन्हा सगळे साक्षीदार. आता ती अकरा वर्षांची आहे, तिला बोलावतील. एखादा हुशार माणूस तिला विचारेल, बाळ, त्या दिवशी फ्रॉक घेऊन कुठे गेली होतीस? म्हणून नको.

आता कळलं ना? आता गप्प बस.

तुझी वहिनी

•

२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र तुझ्या हातात येणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, पत्र आत नेणं त्यांना चालत नाही. पण मी लिहून त्यांना दिलं तर त्या वाचून तुला तोंडी सांगू शकतात. वकील आणि पक्षकार बोलत असताना तिथे कोणी ऐकत नाही, तोही नियम आहे. म्हणून त्यांच्यासाठी नीट अक्षरात लिहिते.

पहिलं. अपिलात कोणी साक्षीदार येत नाही. मी दोनदा विचारलं. म्हटलं, मग तिथे करतात काय? त्या हसून म्हणाल्या, "वाचतात. आधीच्या खटल्यात जे झालं ते कागदावर आहे, तेच वाचतात आणि आम्ही भांडतो." भिंगरीला कोणी बोलावणार नाही. मलाही नाही. वहिनी, तू इतके महिने ज्याला भीत होतीस ते घडतच नाही.

दुसरं. हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं होतं की मीही गप्प बसायचं. आठ दिवस बसले. मग परवा भिंगरीची वेणी घालत होते. तिचं तोंड पलीकडे होतं, म्हणून मला धीर आला. म्हटलं, "आग लागली त्या दिवशी तू दुकानात गेली होतीस?"

"गेले होते की."

माझ्या हातातला कंगवा तिच्या केसात तसाच राहिला.

"मग?"

"मग काय? शटर हललंच नाही. कुलूप निघालं, पण शटर केवढं जड! मी खाली बोटं घालून ओढलं, माझं नख दुखावलं. मग कुलूप परत लावलं आणि आले. आत्या, ओढू नकोस ना केस."

"आणि चावी?"

"वरच्या खिळ्याला हात पुरत नव्हता. काढताना स्टूल घेतलं होतं, मग कंटाळा आला. खालच्याला लावली."

मी म्हटलं, अगं मग हे कधी सांगितलं का नाहीस? तर मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी. "कुणी विचारलं नाही."

वहिनी, ती आत गेलीच नाही. शटर तुलासुद्धा कंबरेत वाकून उचलावं लागायचं. तुला हे माहीत होतं. आपल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी वेणी पूर्ण केली, ती खेळायला गेली, मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. तुझ्यासाठी की तुझ्यावर रागावून, सांगता येत नाही.

वकीलबाई, हे तिला हळू सांगा. मध्ये थांबा. ती "बरं" म्हणाली की तिला कळलेलं नसतं.

तुझी वन्सं

•

२४ एप्रिल

प्रिय वन्सं,

वकीलबाई येऊन गेल्या. सगळं सांगितलं, मध्ये थांबून थांबून. मी "बरं" म्हणाले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तू त्यांना चांगलं शिकवून पाठवलं होतंस.

त्यांनी कागद पुढे केला आणि मी सही केली नाही.

तू ओरडशील म्हणून आधीच सांगते. इतके दिवस मी इथे कोणासाठी तरी होते. शिवताना, रांगेत उभी असताना, मला वाटायचं, हे माझ्या अंगावर आहे म्हणून तिच्या अंगावर नाही. कधी कधी तर बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता ते राहिलं नाही. ती नाही, तर मग दुसरं कोण उरतं? मला आठवतंय ते त्याच दिवसाचं आठवतंय, की रोजचंच आठवतंय? रोज करते ती गोष्ट त्या दिवशी केली होती, हे कशावरून सांगू?

आजोबा काठी आपटून चहा मागायचे. दोनदा आपटली की साखर जास्त. तो आवाज येतो मला शिवणाच्या यंत्रातून.

मग झाली ती शिक्षा बरोबरच आहे असं समजून राहू दे मला. भिंगरी मोकळी आहे, हे कळलं, पुरे झालं.

वहिनी

•

१ मे

वहिनी,

आज मी तुला प्रिय लिहिणार नाही.

दुकानातून परत आले, तुझं पत्र वाचलं, आणि चप्पल न काढता लिहायला बसले आहे. पत्र वाचणाऱ्या बाईंनी वाचावं, सगळ्या बराकीला वाचून दाखवलं तरी चालेल.

तू आधी एका मुलीला दोषी ठरवलंस. तिला बोलावलं नाहीस, तिचं म्हणणं ऐकलं नाहीस. मनातल्या मनात निकाल दिलास आणि शिक्षा स्वतः भोगायला गेलीस. बरं, तो निकाल चुकला. हे कळल्यावर माणूस काय करेल? थांबेल. तू काय केलंस? त्याच खुर्चीत बसून लगेच दुसरा निकाल दिलास, या वेळी स्वतःविरुद्ध. ती नाही तर मी. झालं! अगं, त्या न्यायाधीशांना मी शिव्या घालत होते, पण त्यांनी निदान साक्षीदार तरी तपासले. आगीच्या साहेबांना कारण सांगता आलं नाही, ते तुला शिवणाच्या खोलीत बसून कळलं का? तुझ्या कोर्टात आरोपीला वकील नाही, पुरावा नाही आणि अपीलही नाही. मी तरी तिथे उभी राहणार नाही.

मी वकीलबाईंना सरळ विचारलं, "समजा तिच्या हातूनच राहिलं असेल तर?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असेल. नसेलही. बोर्ड जुना होता, वायर जुनी होती. मी कोर्टाला त्या निर्दोष आहेत हे पटवून देणार नाही. दोष सिद्ध झालेला नाही आणि त्याच्या जागी त्यांचं मौन भरलंय, एवढंच सांगणार. माहीत नाही याला माहीत नाही म्हणायचं, वाईटातलं वाईट धरून चालायचं नाही, यासाठीच तर हे सगळे हक्क."

आजोबांसाठी तुला आयुष्यभर वाईट वाटेल. मलाही वाटतं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यासाठी तिथे राहावं लागत नाही.

आणि इथे एक मुलगी आहे. तिला अजून स्वतःचं नवं नाव सुचलेलं नाही. परवा म्हणाली, आई आल्यावर ठरवू.

मी तेल लावते रोज. लावून घेत नाही, तरी लावते. तू ये आणि लाव.

वन्सं

•

१२ मे

प्रिय वन्सं,

सही केली.

पत्र देताना इथल्या बाई म्हणाल्या, "तुझी नणंद वकील आहे का गं?" मी म्हटलं, नाही, चष्म्याच्या काचा घासते. त्या म्हणाल्या, "आवाज केवढा आहे तिचा, कागदातून येतो." मग तिथेच उभ्या राहून मला पेन दिलं. उशीर का झाला ते वकीलबाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं. मी लिहिलं, मला वाटलं सगळ्या साक्षीदारांना पुन्हा बोलावतात. त्या म्हणाल्या, "खरं आहे ना? मग पुरे."

तुझ्यासमोर मी बोलले नसते एवढं, पण बरं झालं तू चप्पल काढली नाहीस.

तुझी वहिनी

•

१८ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

वकीलबाई उद्या तुला भेटून सांगतीलच, पण मला आजच लिहायचंय. उशीर कोर्टानं माफ केला होता ते तुला कळलंच आहे. सुनावणीला वकीलबाईंनी तुझी बाजू मांडली तेव्हा मी मागच्या बाकावर होते आणि माझी फार निराशा झाली होती, ते तुला लिहिलं नव्हतं. कोणी ओरडलं नाही. दोन न्यायाधीश, त्यातल्या बाई सारख्या पानं उलटत होत्या. सरकारी वकील म्हणाले, आरोपीकडे सांगण्यासारखं काही असतं तर तिने सांगितलं असतं. तेव्हा त्या बाईंनी मान वर केली आणि विचारलं, "ते तिने सांगायचं, की तुम्ही सिद्ध करायचं?" बास. मला वाटलं एवढंच?

आज निकाल वाचला. मौनाला पुरावा धरता येत नाही. ते बाजूला काढलं तर शिक्षा टिकेल असं काही उरत नाही. आगीचं कारण अज्ञात. शिक्षा रद्द.

अज्ञात, असं म्हणाले वहिनी. तू केलं नाहीस असं नाही म्हणाले, केलंस असंही नाही. मी तुला गोड करून सांगणार नाही.

शाळेतून भिंगरी आली, तिला सांगितलं. ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी. म्हणाली, "मग आग कशानं लागली?" मी म्हटलं, कोणालाच माहीत नाही. तिनं थोडा विचार केला. "आईला पण नाही?" म्हटलं, आईलाही नाही. "मग तिनं तसं सांगायचं होतं ना कोर्टात. गप्प कशाला बसली?"

याचं उत्तर मी दिलं नाही. ते तुझं आहे.

तुझी वन्सं

•

२१ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

कागद येईपर्यंत दोन-तीन दिवस लागतील म्हणतात. मी शिवणाच्या खोलीतलं अर्धं राहिलेलं गणवेशाचं काम पूर्ण करून देते आहे. बायका म्हणतात, वेडी आहेस.

"अज्ञात" हा शब्द मी इथे रोज थोडा थोडा उचलून बघते. जड आहे. पण दोषी या शब्दापेक्षा वेगळ्या ठिकाणी दुखतो, आणि तो हातात धरून उभं राहता येतं.

भिंगरीच्या प्रश्नाचं उत्तर मी घरी देईन. गप्प राहण्याचा माझा हक्क कोर्टानं मान्य केला, त्यांचे उपकार नाहीत पण बरं वाटलं. तो मला बाहेरच्या माणसांसमोर ठेवायचा आहे. तिच्यासमोर नको. मी तिला सांगणार, मला वाटलं तू केलंस. मी विचारलं नाही, कारण तू हो म्हणशील याची भीती वाटली. ती रागावेल. दार लावून बसेल, तिचा बाप बसायचा तसं. बसू दे. मी दाराबाहेर बसेन, मला आता बसायची सवय आहे.

तू धास्ती घेऊ नकोस, एकदम सांगणार नाही. आधी तेल लावीन.

सकाळी सोडतात म्हणे, फाटकातून थेट मोठ्या रस्त्यावर. तू रजा काढू नकोस, तुझ्या खूप झाल्यात. भिंगरीची शाळाही बुडवू नकोस. मी बस विचारून येईन.

नाही, काढ. काढच रजा. समोरून गाड्या येत असतील, आणि मी किती दिवसांत रस्ता ओलांडलेला नाही.

तुझी वहिनी